नाल्याचं पाणी विहिरीत उतरतंय का? सोलापुरातल्या वर्षभराच्या मोजणीची आखणी तपासून द्या

नालाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका नाल्यावर वर्षभर काम करायचं आहे. मे महिन्यात सुरुवात, पुढच्या मे महिन्यात शेवट. आखणी खाली देतोय. चुका आत्ताच दाखवा, पावसाळा सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

पाणलोट साधारण १२० हेक्टर. वरच्या अंगाला दाट वस्ती आणि मधूनमधून कापड रंगवणारे छोटे कारखाने. तिथे नाला काँक्रीटचा, ४ मीटर रुंद, उतार हजारी ५. त्याच्या खाली ६०० मीटर उघडा ओढा आहे. तळाला काही ठिकाणी काळा पाषाण, काही ठिकाणी मुरूम, दोन्ही काठांना काळी माती. पुढे हे पाणी आदिला नदीकडे जातं. ओढ्यापासून ३०० मीटरच्या आत १४ विहिरी आणि ९ बोअर सापडले आहेत.

हाताशी असलेलं सामान: पाणीपातळीचे दोन प्रेशर लॉगर (व्हेंट नळी नसलेले), एक टिपिंग बकेट पाऊसमापक (ठराविक पाणी भरलं की बकेट उलटते आणि एक टिप नोंदली जाते), एक ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज), पाणीपातळी मोजायला विहिरीत सोडायचा ५० मीटरचा साउंडर.

ठरवलं आहे ते असं. काँक्रीट संपतं तिथे ९० अंशाची व्ही-नॉच (व्ही आकाराच्या खाचेचा आडवा पत्रा, खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो) बसवायची आणि लॉगर १५ मिनिटांवर लावायचा. विहिरी-बोअरची पातळी महिन्यातून एका रविवारी घ्यायची, मोबाइलच्या जीपीएसवरून उंची घेऊन भूजलाच्या समपातळी रेषा काढायच्या. ईसीवरून मैलापाणी, पावसाचं पाणी आणि भूजल वेगळं करायचं.

प्रश्न:
१) व्ही-नॉच पावसाळ्यात चालेल का?
२) ६०० मीटरच्या वर आणि खाली प्रवाह मोजून, फरक म्हणजे पाझर, असं धरता येईल का?
३) महिन्याला एक मोजणी पुरेल?
४) ईसीवर कितपत भरवसा ठेवायचा?

---

मोजपट्टी

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

आधी पुराचा अंदाज काढा. १२० हेक्टर, तासाला ४० मिमीची सर, वाहून जाण्याचा गुणांक ०.६ धरला तर प्रवाह = ०.६ × ४० × १२० ÷ ३६० = ८ घनमीटर प्रति सेकंद. तुमच्या ४ मीटर रुंद नाल्यात, हजारी ५ उतारावर, मॅनिंगच्या सूत्रातला 'एन' (नाल्याच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०१८ धरला की पाऊण मीटर खोली आणि २.६ मीटर/सेकंद वेग येतो. आता व्ही-नॉच बघा. प्रवाह = १.३८ × उंचीचा २.५ वा घात (उंची मीटरमध्ये, प्रवाह घनमीटर/सेकंदात). ५ सेमी उंचीला ०.७७ लिटर/सेकंद, १० सेमीला ४.४, २० सेमीला २४.७. म्हणजे व्ही-नॉचची पोच पंचवीस-तीस लिटरपर्यंत आणि पुराचं पाणी ८,००० लिटर. एकाच साधनात दोन्ही मावणार नाहीत. व्ही-नॉच तशीच ठेवलीत तर पहिल्या मोठ्या सरीत ती वाहून जाईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिथेच टिकेल, तिच्यामागे कचरा तुंबेल आणि पाणी वस्तीत शिरेल. महापालिकेची परवानगी मागताना हाच प्रश्न पहिला विचारतील.

म्हणून मांडणीच दोन करा. कोरड्या दिवसांसाठी काढता-घालता येणारी व्ही-नॉच: ४ ते ५ मिमी जाडीचा पत्रा, खाचेची कड खालच्या अंगाने तासलेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात काढायची, दिवाळीनंतर परत लावायची. पावसाळ्यासाठी नाल्याचाच छेद वापरायचा: पुलाखाली सरळ, एकसारखा तुकडा निवडा, भिंतीवर सेमीची पट्टी रंगवा, लॉगर तिथे बसवा आणि खोली-प्रवाहाचं कोष्टक स्वतः तयार करा.

व्ही-नॉचची उंची खाचेपाशी मोजू नका. तिथे पाणी वाकून खाली उतरत असतं. जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतर मागे, म्हणजे तुमच्याकडे एक मीटरभर मागे मोजा. धार पत्र्याला चिकटता कामा नये, मागून हवा खेळली पाहिजे. आणि कॅरीबॅग! एक कॅरीबॅग खाचेत अडकली की पातळी ३-४ सेमी चढते आणि कागदावर प्रवाह दीडपट होतो. दोन मीटर वर सळ्यांची जाळी लावा आणि दोन दिवसांआड साफ करा. लॉगरच्या आलेखात सरळ चढ, मग पठार, मग एकदम उतार दिसला तर ती कॅरीबॅगच समजा.

पुराचा वेग मोजायला पाण्यात उतरायचं नाही. पाऊण मीटर पाणी आणि अडीच मीटर वेग म्हणजे धडधाकट माणूसही उभा राहत नाही. पुलावरून मोबाइलवर चित्रण करा. भिंतीवर ३० मीटर अंतरावर दोन खुणा रंगवून ठेवा आणि वाहत येणारी बाटली, नारळ, निर्माल्य यांचा वेळ काढा. १० मीटर अंतर घेऊ नका: पृष्ठभागाचा वेग ३ मीटर असेल तर १० मीटरला सव्वातीन सेकंद लागतात, त्यात घड्याळ दाबायची ०.३ सेकंदाची चूक म्हणजे ९ टक्के झाली. पृष्ठभागाचा वेग × ०.८५ = सरासरी वेग. रात्रीच्या सरीचं चित्रण मिळणार नाही, तिथे सकाळी भिंतीवरची कचऱ्याची रेघ पकडा आणि मॅनिंगने काढा. फक्त 'एन' पुस्तकातून उचलू नका. ०.०१८ ऐवजी ०.०२५ घेतला तर तोच प्रवाह २८ टक्क्यांनी घटतो. चित्रणावरून निघालेल्या प्रवाहाशी जुळवून तुमच्या नाल्याचा 'एन' ठरवा.

लॉगर १५ मिनिटांवर अजिबात नको. एवढ्या पाणलोटात पाणी अर्ध्या तासात खाली येतं. १५ मिनिटांत पुराचा माथाच निसटेल. २ मिनिटांवर ठेवा. दिवसाला ७२० नोंदी, १५० दिवसांत १,०८,०००. आधी लॉगरची मेमरी बघून घ्या.

दुसरा प्रश्न. समजा प्रवाह २० लिटर/सेकंद आहे आणि प्रत्येक मोजणी ५ टक्क्यांपर्यंत बरोबर (नाल्यावर हे फार चांगलं मानायचं). म्हणजे वर १ लिटर इकडेतिकडे, खालीही तेवढंच, दोन्ही मिळून १.४ लिटर. पाझर १ लिटर असेल तर तो या चुकीतच बुडून जातो. फरक ३ लिटरच्या वर, आणि तोही पुन्हापुन्हा त्याच दिशेला आला, तरच काही म्हणता येईल. शिवाय मध्ये येऊन मिळणारी प्रत्येक घरगुती नळी मोजा. पहाटे तीनला फिरून बघा, त्या वेळी नळ्या बऱ्याचशा बंद असतात.

एक राहिलं. मे महिन्यात नालेसफाईचं जेसीबी येतं. तळातला गाळ निघाला की पावसाळ्याआधीचं खोली-प्रवाहाचं कोष्टक बाद. सफाई कधी आहे ते विभागीय कार्यालयात विचारा आणि नंतरच छेद मोजा.

---

मांजऱ्या

विहिरींबद्दल.

विहीर आणि बोअर एकाच नकाशावर घेऊ नका. सोलापूरच्या बेसाल्टमध्ये वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका खडक, त्याखाली घट्ट काळा पाषाण, मध्येच मांजऱ्याचा (छिद्रं-पोकळ्यांच्या बेसाल्टचा) थर, कुठे तांबड्या गेरूची पट्टी, परत पाषाण, अशी उतरंड आहे. विहिरीत दिसतं ते मुरूम आणि वरच्या फुटक्या खडकाचं पाणी. बोअरला केसिंग वरच्या काही मीटरपुरतं, खाली नागडं भोक. त्यात वेगवेगळ्या खोलीच्या तीन-चार फटींतलं पाणी एकत्र येतं आणि पातळी दिसते ती त्या सगळ्यांची सरमिसळ. शेजारच्या विहिरीत पाणी ६ मीटरवर आणि बोअरमध्ये ३५ मीटरवर, हे इथे नेहमीचं आहे. दोन्ही आकडे एका समपातळी रेषेत गुंफले की नकाशावर एक खड्डा तयार होतो आणि मग परीक्षकासमोर त्या खड्ड्याचा अर्थ लावत बसावं लागतं.

मोबाइलच्या जीपीएसची उंची विसरा. ती १० मीटरने इकडेतिकडे होते, आणि तुम्हाला ओढ्याचा तळ विहिरीतल्या पाण्यापेक्षा वर आहे की खाली, एवढंच तर बघायचं आहे. स्थापत्य विभागातून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) मागून घ्या. ६०० मीटरच्या पट्ट्यात १४ विहिरींचे कठडे, ओढ्याच्या तळाचे दहा-बारा बिंदू आणि व्ही-नॉचची खाच, असं सगळं एका बेंचमार्कला (उंचीच्या पक्क्या खुणेला) बांधा. निघालात तिथेच परत येऊन बंद करा. मनासारखं काम झालं तर २ सेमीच्या आत मिळतं. प्रत्येक कठड्यावर तेलरंगाने बाण काढा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कठडा एका बाजूने खचलेला असतो, दुसऱ्या बाजूने मोजलं की ५-७ सेमीचा फरक तिथेच पडतो.

महिन्याचा रविवार का नको? कारण रविवारी घरोघरी पंप चालू असतात. पहाटे ५ ते ६:३० मध्ये मोजा आणि शेवटचा उपसा कधी झाला ते वहीत लिहा. पंप बंद होऊन तास झाला नसेल तर दहा मिनिटांनी परत मोजा. पातळी चढत असेल तर तो आकडा वेगळ्या रकान्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तुमच्याही मोठ्या फेऱ्या त्याच महिन्यांत ठेवा म्हणजे तुलना होईल. पण या चार फेऱ्यांवर नाल्याचा प्रश्न सुटणार नाही. एक लॉगर ओढ्याला सर्वांत जवळच्या, उपसा नसलेल्या विहिरीत सोडा. पावसाळाभर तो काढू नका.

त्या विहिरीत सरीनंतर तीन-चार तासांत पातळी वर आली तर लगेच 'नाल्याने पुनर्भरण' असं लिहू नका. आधी बघा: कठड्याला भगदाड आहे का, रस्त्याचं पाणी थेट आत पडतं का, शेजारच्या इमारतीच्या गच्चीचा पाइप विहिरीत सोडलाय का. पुनर्भरणाच्या पाइपांनी असे आलेख बिघडतात. ओढ्यातून आलेलं पाणी असेल तर आलेखाचा माथा बोथट असतो आणि उतार लांबतो. रस्त्यावरून पडलेलं असेल तर सुई टोचल्यासारखा माथा येतो.

पुनर्भरणाचा साधा हिशेब: मे ते ऑक्टोबर पातळी ३ मीटर चढली आणि झिजलेल्या बेसाल्टची विशिष्ट उत्पत्ती (खडकाच्या आकारमानातून निथळू शकणाऱ्या पाण्याचा वाटा) २ टक्के धरली, तर ३,००० × ०.०२ = ६० मिमी. पाऊस ६०० मिमी झाला असेल तर १० टक्के. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या निकषांत झिजलेल्या बेसाल्टला पावसाच्या ७ टक्के आणि फटींच्या, मांजऱ्या बेसाल्टला १३ टक्के आहे. त्यात तुमचे १० टक्के छान बसतात, पण त्यावर फार खूश होऊ नका. विशिष्ट उत्पत्ती १ टक्का घेतली तर ३० मिमी, ३ टक्के घेतली तर ९० मिमी. सगळी गंमत त्या एका आकड्यात आहे. आणि शहरात हे सगळं पाणी पावसाचं नसतं, ते पुढे कोणीतरी लिहीलच.

ओढ्याच्या तळाबद्दल: काळा पाषाण उघडा आहे तिथे पाझर फक्त सांध्यांतून. मुरूम आहे तिथे वर मैल्याचा काळा चिकट थर बसलेला असतो, कोरड्या दिवसांत तो तळ लिंपून टाकतो. पहिल्या पुरात हा थर खरवडला जातो आणि मग काही दिवस पाझर वाढतो. म्हणून सगळ्यात मोलाची जोडमोजणी (वर आणि खाली एकाच वेळी) पुरानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची. काळ्या मातीचंही तसंच उलटसुलट. मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा असतात, पहिल्या सरी त्यांतून सरळ खाली जातात. माती फुगून भेगा मिटल्या की तेवढाच पाऊस जवळजवळ सगळा वाहून जातो. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरमध्ये, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला येतो, तेव्हा भेगा मिटलेल्या असतात. मृगाच्या सरीवरून काढलेला गुणांक हस्ताच्या सरीला लावू नका.

---

थेंबथेंब

चौथा प्रश्न. थोडक्यात: एकट्या ईसीवर नाही, आणि सोलापुरात तर मुळीच नाही.

इतर शहरांत पावसाचं पाणी ईसी ५०-१००, मैलापाणी हजाराच्या वर, एवढ्यावर दोन वाटे करता येतात. तुमच्या नाल्यात रंगकामाचं पाणी आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर चढवायला लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) लागतं, वर सोडा. टाकी सोडली की नाल्याची ईसी काही मिनिटांत हजाराने उडते. भर पावसात अशी टाकी सोडली गेली तर तुमच्या गणितात 'पावसाचं पाणी घटलं' असं येईल. म्हणून ईसीबरोबर पीएच आणि पाण्याचा रंग दर वेळी लिहा. पीएच ९.५-१० आणि रंग असेल तर टाकी सुटली आहे. पीएच ७-७.५ आणि ईसी जास्त असेल तर मैला.

मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे: कोरड्या दिवसात नाल्यात वाहतं ते पाणी आहे कुणाचं? जानेवारी ते मे या नाल्याला स्वतःचं पाणी असण्याची शक्यता कमी. वाहतंय ते उजनी धरणाचं. जलवाहिनीने आलं, घरात वापरलं, गटारात गेलं, नाल्यात आलं. यातून दोन गोष्टी निघतात.

एक, शहराला पाणी रोज येत नाही. दोन-चार दिवसांआड येतं. ज्या दिवशी त्या भागाला पाणी, त्या दिवशी नाला चढतो: टाक्या वाहतात, कपडे धुतले जातात, अंगणं सारवली जातात. महिन्यातल्या कुठल्याही एका दिवशी मोजलेला कोरडा प्रवाह निव्वळ जुगार आहे. पाणीपुरवठ्याचं एक पूर्ण चक्र, समजा पाच दिवस, दर तासाला मोजा. वर्षातून तीनदा केलंत तरी पुष्कळ. पाणी सोडायचं वेळापत्रक प्रभागनिहाय मागून घ्या आणि आलेखाखाली रेघेने दाखवा.

दोन, जलवाहिनीची गळतीसुद्धा भूजलात जाते, तीही फक्त पाणी सुटलेल्या दिवशी. विहिरीत येणाऱ्या पाण्याचे उमेदवार चार झाले: पाऊस, नाला, शोषखड्डे, गळती.

गळती आणि पाऊस वेगळे करायला ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम, म्हणजे पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनचे जड प्रकार (समस्थानिक). उजनीचं पाणी मोठ्या, उथळ जलाशयात महिनोन्महिने उन्हात असतं. बाष्पीभवनाने त्यातले जड समस्थानिक वाढतात. पावसाने भरलेल्या विहिरीचं पाणी त्यापेक्षा हलकं. नळाचं पाणी दर महिन्याला एक बाटली, प्रत्येक मोठ्या सरीचं एक, विहिरींचं मे आणि ऑक्टोबरमध्ये. ३० मिलीची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आम्ल घालू नका, बुचावर टेप. एक पथ्य पाळा: सिद्धेश्वर तलावाच्या किंवा कंबर तलावाच्या आसपासच्या विहिरी तुलनेला घेऊ नका. तिथेही बाष्पीभवन झालेलंच पाणी मुरतं, ते उजनीच्या पाण्यासारखं दिसेल.

नाला आणि विहीर यांच्यात समस्थानिक फारसे उपयोगी नाहीत, कारण नाल्यातलं पाणीही उजनीचंच. तिथे नायट्रोजन बघा. नाल्यात ऑक्सिजन नाही, त्यामुळे तिथे अमोनियम भरपूर आणि नायट्रेट जवळजवळ शून्य. मुरुमातून उतरताना अमोनियमचं नायट्रेट होतं, १ मिग्रॅचं ३.४४ मिग्रॅ. नाल्यात २० मिग्रॅ अमोनियम असेल तर विहिरीत ७० च्या आसपास नायट्रेट दिसू शकतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. 'विहिरीत अमोनियम नाही म्हणजे मैला नाही' हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो. पण शोषखड्ड्यांनीही नायट्रेट वाढतं. तेव्हा ओढ्यापासून लांब, शोषखड्ड्यांच्या वस्तीतल्या तीन विहिरी तुलनेसाठी घ्याच.

बेसाल्टमधलं चांगलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेटचं असतं. ओढ्याजवळच्या विहिरीत सोडियम-क्लोराइड, किंवा ग्लॉबर सॉल्ट वापरात असेल तर सल्फेट, वर चढलेलं दिसलं आणि ते अंतराबरोबर उतरत गेलं, तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

नमुने: ०.४५ मायक्रॉनमधून गाळून दोन बाटल्या. धनभारितांच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली. ऋणभारितांच्या बाटलीत आम्ल नको, नाहीतर नायट्रेटचा आकडा तुमच्याच आम्लाचा येईल. अल्कलिनिटी त्याच दिवशी. बर्फाच्या पेटीत ४ अंश. धनभारित आणि ऋणभारित आयनांच्या बेरजांचा ताळा ५ टक्क्यांच्या आत आला पाहिजे, १० च्या वर गेला तर नमुना परत.

---

गंजलेला_पाना

सामानाचं राहिलं.

व्हेंट नसलेला लॉगर पाणी आणि हवा दोन्हींचा दाब मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे १ सेमी पाणी. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला वर आणि चारच्या सुमाराला खाली असतो, फरक ३-४ हेक्टोपास्कल. दुरुस्ती केली नाही तर नाल्याला रोज ३ सेमीची भरती-ओहोटी दिसेल. व्ही-नॉचवर १८ सेमी असताना ३ सेमी जास्त वाचलं तर प्रवाह ४५ टक्क्यांहून जास्त फुगतो. म्हणजे तिसरा लॉगर हवेसाठी हवाच, पूर्ण शहराला एक पुरे. सावलीत टांगा. पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवला तर तो तापमानाने भरकटतो.

पाऊसमापक: २०० मिमी तोंडाचा, ०.२ मिमीचा असेल तर एका टिपेला ६.२८ मिली. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ५०० मिली पाणी थेंबाथेंबाने सोडा, ८० टिपा पडल्या पाहिजेत. ७६ च्या खाली किंवा ८४ च्या वर असेल तर बकेटचे स्क्रू फिरवा. हे पाणी अर्ध्या तासापेक्षा लवकर संपवू नका. जोरात सोडलं की बकेट उलटत असतानाच पाणी वाया जातं, आणि मोठ्या सरीत कमी पाऊस नोंदला जातो तोही याच कारणाने. शेजारी साधा हाताने मोजायचा पाऊसमापक ठेवा, सकाळी ८:३० ला वाचा. कोळी, कबुतरांची विष्ठा आणि मे महिन्यातली धूळ हे तीन शत्रू. गच्चीवर कठड्यालगत ठेवू नका.

पट्टी किंवा लॉगरची नळी काळ्या मातीत रोवलेल्या खांबाला बांधू नका. माती फुगते-आकसते, खांब वर्षभरात सेंटीमीटरने सरकतो. पुलाच्या दगडी कामाला किंवा पाषाणाला अँकर बोल्ट मारा. नळी ११० मिमीची पीव्हीसी, वरून जीआय पाइपचं कवच. नुसतं पीव्हीसी पहिल्या पुरात लाकडाच्या ओंडक्याने फुटतं. चकचकीत स्टीलचा लॉगर आणि कुलूप भंगारवाल्याला लांबून दिसतं, सगळं काळं रंगवा. विद्यापीठाचं नाव आणि 'यात बॅटरी नाही, विकून काही मिळत नाही' अशी ठळक पाटी बरीच मदत करते. समोरच्या टपरीवाल्याला हे काय आहे ते नीट समजावून सांगा.

सरीचे नमुने घ्यायला ऑटोसॅम्पलर नसेल तर बाटल्यांचा खेळ करा. एक लिटरची बाटली, रबरी बुचातून दोन नळ्या. एक उलट्या 'यू'सारखी वाकवलेली, पाणी आत घ्यायची. दुसरी हवेची, तिचं तोंड पहिलीच्या वाकापेक्षा बरंच वर. पाणी वाकापर्यंत चढलं की बाटली भरते आणि हवेच्या नळीचं बाटलीतलं टोक बुडाल्यावर आपोआप थांबते. हवेचं तोंड खाली राहिलं तर पुढचं पाणी आत-बाहेर करत राहतं आणि नमुना भेसळीचा होतो. एका अँगलवर २०, ४०, ६०, ८० सेमीला चार बाटल्या. यात फक्त चढत्या पुराचे नमुने मिळतात, उतरतीचे हाताने घ्यावे लागतील.

बोअरमध्ये साउंडर सोडताना तो पंपाच्या दोरीत-केबलीत अडकतो आणि काढताना तार तुटते. मालक परवानगी देत असेल तर पंप काढलेला असताना १९ मिमीची पीव्हीसी नळी खाली सोडून ठेवा, मग साउंडर तिच्यातूनच.

झाकलेल्या नाल्यात किंवा चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही, 'दोन मिनिटांत येतो' म्हणूनसुद्धा नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात येईनासा होतो, नाकच बधिर होतं. गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना नाल्याचं काम सांगा, लेप्टोस्पायरोसिसचा विचार वेळेत होतो.

---

नालाकाठ

सगळ्यांचे आभार. लॉगर २ मिनिटांवर, ऑटो लेव्हल मिळाली, तिसऱ्या लॉगरसाठी अर्ज केला.

आज तात्पुरती व्ही-नॉच लावून मिठाने पडताळा घेतला (मीठ ओतायचं आणि खाली ईसीची जी लाट येते तिच्या क्षेत्रफळावरून प्रवाह काढायचा), तिथे गाडी अडली आहे. पुडीचं मीठ २ किलो, १५ लिटरच्या बादलीत पूर्ण विरघळवून एकदम ओतलं. ८० मीटर खाली ईसी दर ५ सेकंदांनी. आधीची ईसी २,१००. लाट १० मिनिटांत गेली, पण शेवटी ईसी २,२४० वर थांबली, खाली आलीच नाही. बादलीत नाल्याचं पाणी घेऊन काढलेला गुणांक १ मायक्रोसीमेन्सला ०.५ मिग्रॅ/लिटर. २,१०० च्या वरचं क्षेत्रफळ २,४२,००० मायक्रोसीमेन्स-सेकंद भरलं. प्रवाह १६.५ लिटर/सेकंद. त्याच वेळी व्ही-नॉच १८.४ सेमी, म्हणजे २० लिटर. कुठलं खरं?

---

मोजपट्टी

मीठ, बादली, अंतर सगळं ठीक आहे. ४ मीटर रुंदीला २० पट म्हणजे ८० मीटर, मिसळायला पुरेसं. पुडीचं मीठ घेतलंत ते बरं केलंत, खडे मिठात ओल असते आणि वजनाचा आकडा तिथेच खोटा पडतो.

घोळ पायाभूत ईसीचा, म्हणजे मिठाशिवायच्या ईसीचा आहे. मोजणी चालू असताना नाल्याचीच ईसी १४० ने चढली, वरून काहीतरी सुटलं. तुम्ही आडवी रेघ धरली, म्हणून ती चढही मिठाच्या खात्यात गेली. २,१०० पासून २,२४० पर्यंत तिरकी रेघ काढा: वजा होणारं क्षेत्रफळ ½ × १४० × ६०० = ४२,०००. उरले २,००,०००. त्याला ०.५ ने गुणून १,००,००० मिग्रॅ-सेकंद/लिटर. २० लाख मिग्रॅ मीठ भागिले तेवढे, म्हणजे २० लिटर. व्ही-नॉचशी तंतोतंत.

पण एवढ्यावर व्ही-नॉच पास करू नका. तिरकी रेघ तुम्ही-आम्ही काढली, नाल्याने नाही. चढ हळूहळू न होता लाटेच्या सुरुवातीलाच एकदम झाला असेल तर वजा होतात १४० × ६०० = ८४,००० आणि प्रवाह निघतो २५.३. म्हणजे तुमच्या एका मोजणीतून १६.५ ते २५ पर्यंत काहीही निघू शकतं. रसायनशास्त्र विभागातून दुसरा ईसी मीटर एका दिवसासाठी आणा, दोन्ही एकाच द्रावणात बुडवून जुळवा, दोन्हींची तापमान दुरुस्ती २५ अंशांवर आणि अंशाला २ टक्के अशी सारखी ठेवा. एक ईसी मीटर, मीठ ओतायच्या जागेच्या १० मीटर वर, दुसरा ८० मीटर खाली. वरच्या मीटरचा आलेख, पाण्याला खाली यायला लागणाऱ्या वेळाएवढा पुढे सरकवून, खालच्यातून वजा करा. तीन वेळा करा, तिन्ही ५ टक्क्यांच्या आत आले तर व्ही-नॉचशी ताडा. आणि शक्यतो कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा.